आमचे पात्रांव रिटायर झाले त्यानिमित्ताने

गेल्या महिन्यात आमचे पात्रांव (कोकणीत मालक, बॉस), टीव्हीचे गोव्यातले राजकीय बातमीदार, रिटायर झाले. पणजीत छोटासा कार्यक्रम झाला, शाल, श्रीफळ, समई, ज्यांच्या विरोधात आयुष्यभर बातम्या केल्या त्यातलेच दोघेतिघे व्यासपीठावर, आणि भाषणांत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, निर्भीड. निर्भीड पत्रकार, निर्भीड बाणा, निर्भीड लेखणी (टीव्हीवाल्या माणसाला लेखणी!). मी मागच्या रांगेत बसून हसत होतो, कारण ह्या माणसाच्या शेजारी कॅमेरा घेऊन मी जवळजवळ अख्खी नोकरी काढलीय आणि मला विचाराल तर ते निर्भीड बिर्भीड काही नव्हते. कुत्र्याला घाबरायचे. विमानाला घाबरायचे. एका मंत्र्याच्या पीएला तर इतके घाबरायचे की त्याला फोन मला करायला लावायचे आणि शेजारी उभं राहून खुणा करायचे.

त्यांच्याकडे होतं ते वेगळंच, ते म्हणजे आठवण. कोण कुठल्या साली कोणाबरोबर होता, कुठल्या गेटने आत गेला, बाहेर येताना काय बोलला आणि दोन दिवसांनी त्याच्या नेमकं उलट काय बोलला, हे सगळं डोक्यात. गोव्यात राजकारण कव्हर करायला माझ्या मते एवढं एकच भांडवल लागतं, कारण इथलं निम्मं राजकारण लोक विसरतील ह्याच भरवशावर चाललेलं असतं. नाव लिहीत नाही, त्यांनीच बजावलंय. मांडवीच्या अलीकडचे पलीकडचे सगळे ड्रायव्हर आणि चहावाले त्यांना पात्रांवच म्हणतात, तेच चालू ठेवतो.

सुरुवात त्यांची टीव्हीत नाही झाली. आधी पेपरात होते, मराठी पेपरात, राजभाषेचं आंदोलन पेटलेलं त्या काळात. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, त्याच वर्षी ३० मे ला गोवा घटक राज्य झालं, म्हणजे ह्यांची उमेदवारी आणि राज्याची उमेदवारी एकदमच म्हणा ना. मग आलं १९९०. ज्यांना ते वर्ष आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो, काँग्रेस आणि मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) जवळजवळ बरोबरीत, आणि दोन तीन महिन्यांत प्रतापसिंह राणेंचं सरकार गेलं, चर्चिल आलेमाव १८ दिवस मुख्यमंत्री, मग जे सभापती होते तेच लुईस प्रोत बार्बोझा मुख्यमंत्री, वर्ष संपायच्या आत राष्ट्रपती राजवट. पुढे १९९४ ला रवी नाईक दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले ते सहा दिवसांसाठी. पात्रांव म्हणतात की त्या दहा वर्षांत शपथविधीचं आमंत्रण आलं की घरी बायको विचारायची, आज कोणाचं? १९९० ते २००० मोजून बघा, मुख्यमंत्रिपदाच्या शपथा डझनाच्या वर निघतात, त्यात राणे, डॉ. विली डिसोझा, फालेरो असे काही जण परत परत.

तर अशा शाळेत शिकलेला माणूस नव्वदच्या दशकाच्या शेवटी टीव्हीत आला आणि मी त्यांच्या गळ्यात पडलो. मी तेव्हा म्हापशात लग्नाचे व्हिडिओ काढायचो. मुंबईच्या एका मराठी चॅनलला गोव्यात माणूस हवा होता, त्यांनी पात्रांवांना घेतलं, पात्रांवांना कॅमेरा हवा होता, त्यांनी मला घेतलं. पहिल्याच दिवशी सांगितलं, तू लग्नात नवरा नवरीला धरून असतोस ना, इथे तसं करू नकोस, इथे करवल्यांकडे बघ. तेव्हा मला कळलं नाही. मग हळूहळू कळायला लागलं. मुख्यमंत्री बोलत असतो तेव्हा बातमी त्याच्या मागे उभ्या असलेल्यांच्या तोंडावर असते, कोण मान हलवतंय, कोण मोबाईलमध्ये बघतंय, कोण काल होता आणि आज नाहीये. माझ्या कट-अवेमधून (बोलणाऱ्याला सोडून आजूबाजूचे घेतलेले शॉट) त्यांनी किती बातम्या काढल्या असतील देव जाणे.

आताच्या पोरांना सांगून पटत नाही पण तेव्हा बातमी म्हणजे टेप. शूट झालं की टेप बाहेर काढायची, डोपशीट लिहायची, म्हणजे कुठल्या मिनिटाला काय आहे त्याचा कागद, आणि मग ती मुंबईला पोचवायची. दाबोळीला जाऊन विमानाने, किंवा विमान चुकलं तर पणजीच्या स्टँडवर मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात पाकीट, सकाळी मुंबईत ऑफिसचा माणूस घ्यायला उभा. म्हणजे गोव्यात संध्याकाळी सरकार पडलं तर महाराष्ट्रात त्याचं चित्र दुसऱ्या दिवशी दिसायचं, तोपर्यंत नुसता पात्रांवांचा फोनो (फोनवरून सांगितलेली बातमी) आणि स्क्रीनवर त्यांचा एक जुना पासपोर्ट फोटो, ज्यात ते स्वतःच घोटाळ्यातले आरोपी वाटायचे. ओबी व्हॅन (थेट प्रक्षेपणाची गाडी) फक्त निवडणुकीला यायची. नंतर सायबर कॅफेत बसून क्लिप पाठवायला लागलो, मग डोंगल आलं, मग ते पाठीवरचं बॅकपॅक ज्यात चार पाच सिमकार्डं असतात आणि पर्वरीला, म्हणजे विधानसभेवर, विश्वासमताच्या दिवशी सगळी एकदम मरतात कारण तिथे त्या वेळी अख्ख्या गोव्यातले पुढारी, पोलीस आणि पत्रकार एकाच टॉवरवर लटकलेले असतात.

डायरीबद्दल सांगायलाच हवं. शर्टाच्या खिशात मावेल एवढी छोटी डायरी, आणि तिच्या मधल्या दोन पानांवर चाळीस चौकोन, एकेका मतदारसंघाचा एकेक. मांद्रे एक नंबर, पेडणे दोन, असं करत करत काणकोण चाळीस. प्रत्येक निवडणुकीनंतर नवी डायरी, नवे चौकोन. पेन नाही, पेन्सिल, आणि शेवटी रबर असलेली पेन्सिल. एखादा आमदार हलला की आधी चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक टिंब, दोन ठिकाणहून तीच कुणकुण आली की तिरकी रेघ, आणि त्याने स्वतः कॅमेऱ्यासमोर, "मी कुठेही जात नाही, मी पक्षाचा निष्ठावंत शिपाई आहे" असं म्हटलं की चौकोन पूर्ण काळा. हा त्यांचा नियम होता आणि मी सांगतो, हा नियम फार कमी वेळा चुकला. आमदाराने खुलासा करायला प्रेस बोलावली की पात्रांव जायच्या आधीच चौकोन रंगवून मोकळे.

चाळीस आमदारांच्या राज्यात आकडा म्हणजे काय ते बाहेरच्याला समजत नाही. महाराष्ट्रात २८८ आहेत, तिथे दोन आमदार इकडे तिकडे झाले तर पान सातवर चौकट येते. इथे दोन म्हणजे सरकार. मतदारसंघही केवढे, सरासरी काढली तर तीसेक हजारांच्या आत मतदार. २०२२ ला सांत आंद्रेची जागा ७६ मतांनी गेली, पणजीत उत्पल पर्रीकर अपक्ष लढून ७१६ मतांनी पडले. ७६ मतं म्हणजे एका वाड्यावरची दोन चार मोठी घरं. त्यामुळे आमदार इथे नुसता टीव्हीतला माणूस नसतोच, तो तुमच्या भाचीच्या लग्नात पंगतीला बसलेला असतो, जत्रेत भेटतो, मासळी बाजारात तुमच्याआधी इसवण (सुरमई) उचलतो. आणि राजकीय बातमीदाराला ज्याच्यावर सकाळी बातमी केली त्याच्याच शेजारी संध्याकाळी प्रसादाच्या रांगेत उभं राहावं लागतं. दिल्लीच्या मोठ्या अँकरना हे करावं लागत नाही म्हणून ते ओरडू शकतात असं आपलं माझं मत. पात्रांव कधीच ओरडले नाहीत.

त्यांची प्रश्न विचारायची पद्धत अशी. प्रश्न साधा, अगदी बाळबोध, "मग पुढे काय ठरलं?" असला. पुढारी पाठ केलेलं उत्तर देणार. दिलं की बाकीचे बूम (माइक) खाली जायचे, पात्रांवांचा तसाच वर. बोलायचे काही नाहीत, नुसतं बघत राहायचे, मान किंचित हलवत, जणू अजून काहीतरी यायचंय. माणसाला ती शांतता सहन होत नाही हो. दोन सेकंद, तीन सेकंद, की तो आपणहून आणखी एक वाक्य टाकायचा, आणि बातमी त्या वाक्यात असायची. मला सक्त ताकीद होती की त्यांचा खांदा हलल्याशिवाय रेकॉर्डिंग बंद करायचं नाही. पुढे पुढे काही पुढारी शहाणे झाले, उत्तर दिलं की सरळ गाडीत. एकाने तर हसत हसत सांगितलं, पात्रांव तुम्ही गप्प राहिलात की मला भीती वाटते, काहीतरी विचारा.

आणि चार बाईटची भानगड. गोव्यात एक बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) कधीच नसतो, चार असतात. आधी कोकणीत, मग "आता मराठीत सांगा", मग दिल्लीवाल्यांसाठी हिंदी, मग इंग्लिश. पुढारी तेच चार वेळा सांगतो असं आपल्याला वाटतं पण तो तेच सांगत नसतो. कोकणीत तो मतदारसंघातल्या लोकांशी बोलत असतो त्यामुळे शिवी सोडून सगळं असतं. मराठीत जरा भाषणाचा सूर चढतो. हिंदीत हायकमांड ऐकतंय ह्याचं भान. आणि इंग्लिशपर्यंत येताना दमलेला असतो, घाम आलेला असतो, लक्ष गाडीकडे असतं, तिथे काहीतरी सुटून जातं. आमचं चॅनल मराठी, तरी पात्रांव चारही बाईट संपेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मुंबईहून आलेले रिपोर्टर मराठी बाईट मिळाला की वायर गुंडाळायला लागायचे आणि आम्ही तिथेच खांबासारखे उभे.

आता जरा गणित, कारण ह्याशिवाय त्यांची कारकीर्द कळणारच नाही. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, ५२ वी घटनादुरुस्ती. तेव्हा त्यात सोय होती की एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट, आमदारकी जात नाही. छोट्या राज्यात छोटे पक्ष, मग एक तृतीयांश म्हणजे किती, तीन चार टाळकी. नव्वदच्या दशकातला सगळा खेळ त्यावर चालला. २००३ ला ९१ वी घटनादुरुस्ती आली, एक तृतीयांशची पळवाट बंद, आता दोन तृतीयांश पाहिजेत आणि ते सुद्धा दुसऱ्या पक्षात विलीन होत असतील तरच. शिवाय मंत्रिमंडळाला मर्यादा, गोव्यासारख्या राज्यात मुख्यमंत्री धरून बारा. त्या वेळी सगळे तज्ज्ञ म्हणाले की आता गोव्यातलं पक्षांतर संपलं. पात्रांव म्हणाले, काही संपत नाही, आता नुसते घाऊक भावात जातील.

आणि बघा. मार्च २०१९, मगोचे आमदार तीन, गेले दोन. जुलै २०१९, काँग्रेसचे पंधरा, गेले दहा. सप्टेंबर २०२२, काँग्रेसचे अकरा, गेले आठ. तिन्ही वेळा कायद्याला लागतो तेवढाच आकडा, एकही जास्त नाही. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक काहीतरी होतात म्हणून आठ. २०२२ ला निकालाच्या संध्याकाळीच पात्रांवांनी डायरीत काँग्रेसच्या अकरा चौकोनांखाली पेन्सिलीने ८ असा आकडा लिहून ठेवला होता. मी म्हटलं हे काय, तर म्हणाले काही नाही, हिशेब.

मला विचाराल तर त्यांची सगळ्यात भारी बातमी त्याच सप्टेंबरची. १४ तारखेला आठ जण भाजपमध्ये गेले, पर्वरीला झुंबड, सगळी पोरं बाईटच्या मागे, ढकलाढकली, बूम एकमेकांच्या नाकात. पात्रांव झाडाखाली उभे. मला म्हणाले, बाईट सगळ्यांकडे असेल, तू मला जानेवारी काढून दे. जानेवारी म्हणजे निवडणुकीच्या आधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना बसमध्ये घालून पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसपाशी) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ दिली होती, निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही म्हणून. ते फुटेज माझ्याकडे हार्डडिस्कवर होतं, नाव तारीख घालून. आणि मग म्हणाले, २००५ पण बघ. कारण दिगंबर कामत. २००५ ला ते भाजप सोडून काँग्रेसमध्ये आले, २००७ ला काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले, पाच वर्षं राहिले, आणि २०२२ ला परत भाजपमध्ये, आणि पत्रकारांनी शपथेचं विचारलं तर म्हणाले की देवळात जाऊन देवाला विचारलं, देवाने मोकळीक दिली. अशा अर्थाचं. पात्रांवांनी त्या दिवशी पॅकेजमध्ये, म्हणजे जोडून तयार केलेल्या बातमीत, स्वतःचं एक वाक्य सुद्धा घातलं नाही. नुसती तारीख आणि दृश्य, तारीख आणि दृश्य. जानेवारीतली जोडलेली हातं, सप्टेंबरमधले उपरणं घातलेले गळे. दीड मिनिटाचं पॅकेज होतं. मुंबईहून डेस्कचा फोन आला, सर व्हॉइस ओव्हर विसरलात का?

ह्यालाच मी आठवण म्हणतो. टीका वगैरे काही नाही, नुसतं जवळ ठेवणं आणि वेळेवर काढणं.

रात्रींबद्दल लिहायचं तर पुस्तक होईल. गोव्यात राजकारण रात्रीच घडतं असा आमच्या धंद्यात समज आहे आणि तो खोटा नाही. २ फेब्रुवारी २००५ माझ्या लख्ख लक्षात आहे. दुपारी पर्वरीला मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी विश्वासमत जिंकलं, ते कसं तर सभापतींनी एका अपक्ष आमदाराला सभागृहाबाहेर काढल्यावर, आत जो काही गोंधळ झाला तो झाला. संध्याकाळी राज्यपाल जमीर यांनी सरकारच बडतर्फ केलं. रात्री प्रतापसिंह राणे, आमचे खाशे, यांची शपथ. एकाच टेपवर दुपारचा जल्लोष आणि रात्रीची शपथ, मधे टेप बदलायलाही वेळ मिळाला नाही. आणि महिनाभरात ते सरकार पण गेलं आणि राष्ट्रपती राजवट लागली. त्या दिवशी मुंबईच्या डेस्कवरच्या एका मुलीने फोन करून, सर पीटीसी (कॅमेऱ्यासमोर उभं राहून बोलणं) बीचवर करता का, गोवा आहे म्हणून कळेल तरी, असं सुचवलं होतं. पात्रांवांनी शांतपणे विचारलं, राष्ट्रपती राजवट बीचवर लागलीय का बाई?

२०१७ तर सगळ्यांनाच आठवत असेल. ११ मार्चला निकाल, काँग्रेस १७, भाजप १३, खुद्द मुख्यमंत्री पार्सेकर मांद्र्यात पडलेले, काँग्रेसवाले नेता कोण निवडायचा ह्यावर हॉटेलात चर्चा करत बसले, आणि पलीकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मगोचे तीन, गोवा फॉरवर्डचे तीन आणि अपक्ष मिळून पत्रं राजभवनावर पोचली सुद्धा. १४ ला पर्रीकर दिल्लीचं संरक्षण खातं सोडून चौथ्यांदा मुख्यमंत्री. १६ ला विश्वासमत, २२ विरुद्ध १६. आमचा सगळ्यांचा कॅम्प काँग्रेसवाल्यांच्या हॉटेलबाहेर होता, कारण आकडा तिकडे मोठा. पात्रांव थोडा वेळ तिथे थांबले आणि मला म्हणाले चल, इथे कोण घाईत दिसत नाही. एवढंच. ज्यांना सरकार करायचंय ते घाईत असतात. आम्ही दुसऱ्या हॉटेलवर गेलो तर तिथे ड्रायव्हर गाड्या गेटकडे तोंड करून, स्टेअरिंगवर बसून. पात्रांव ड्रायव्हरांना फार मानायचे. आमदार खोटं बोलेल, पीए खोटं बोलेल, पण टाकी फुल केलीय की नाही हे ड्रायव्हर लपवत नाही म्हणायचे. "जेवलो रे?" एवढं विचारायचं, तो जेवला असेल तर साहेब रात्रभर थांबणार, नसेल तर निघणार आहेत.

पण २०१९ ची ती रात्र वेगळी. १७ मार्चला रविवारी संध्याकाळी पर्रीकर गेले. त्याआधी आजारपणाचं वर्ष सगळ्या गोव्याने बघितलं होतं, जानेवारीत नाकात नळी घातलेले विधानसभेत बजेट मांडताना मी स्वतः बाहेर मॉनिटरवर बघत होतो आणि शेजारी उभा असलेला विरोधी पक्षाचा कार्यकर्ता सुद्धा गप्प होता. १८ ला पणजीत अंत्यदर्शन, माणसांचा महापूर, मिरामारला अंत्यसंस्कार. आम्ही मिरामारहून कॅमेरा उचलला आणि तसेच पुढे दोना पावलला राजभवनावर, कारण त्याच रात्री नव्या मुख्यमंत्र्याची शपथ. वेळ पुढे पुढे जात राहिली, वाटाघाटी चालू, दोन मित्रपक्षांना उपमुख्यमंत्रिपद हवं. डास फोडून काढत होते. रात्री दोनच्या सुमाराला प्रमोद सावंतांचा शपथविधी झाला. माझ्या कपड्यांना अजून मिरामारची वाळू होती. एका नॅशनल चॅनलचा पोरगा लाइव्हमध्ये "जश्न का माहौल" असं काहीतरी बोलून गेला. पात्रांवांनी त्या रात्री एकच लाइव्ह दिलं, आणि त्यात भाऊसाहेब बांदोडकर गेले १९७३ ला तेव्हा काय झालं होतं ते सांगितलं, मुख्यमंत्री पदावर असताना गेले, मुलगी शशिकलाताई मुख्यमंत्री झाल्या, आणि भाऊसाहेब आणि पर्रीकर दोघांवरही अंत्यसंस्कार त्याच मिरामारला. अँकरला ह्यात काही रस नव्हता, तो मधेच तोडून विचारत होता की आकडा किती, आकडा किती. ते म्हणाले वीस आहे, उद्या परवा बघा. २० तारखेला विश्वासमत झालं, २० विरुद्ध १५. आणि आठवड्याभरात मध्यरात्रीनंतर मगोचे ते दोघे भाजपमध्ये, आणि शपथविधीच्या रात्री ठरलेले दोन उपमुख्यमंत्री, त्यातले सुदिन ढवळीकर तेव्हाच बाहेर, दुसरे विजय सरदेसाई जुलैत.

चॅनलांबद्दल थोडं वाईट पण लिहितो. २००७-०८ ला मराठीत चोवीस तासांची चॅनलं एकामागून एक आली तेव्हा वाटलं की आता गोव्याला जागा मिळेल. मिळाली, पण कशाला तर थर्टी फर्स्ट, कॅसिनो, रेव्ह पार्टी आणि सरकार पडलं तर. २०१२ ला खाणी बंद झाल्या, आधी शहा आयोगाचा अहवाल, मग राज्याने थांबवल्या, मग ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्ट. डिचोली, साखळी, सांगे, कुडचडे, सगळीकडे ट्रक उभे, हप्ते थकलेले, टायरांवर वेली चढलेल्या. पात्रांवांचं म्हणणं होतं की ह्यापेक्षा मोठी राजकीय बातमी नाही, पुढच्या दोन निवडणुका ह्याच्यावर फिरतील. आमच्या डेस्कने सांगितलं, सर मुख्यमंत्र्यांची प्रतिक्रिया तेवढी पाठवा, तीस सेकंद. आम्ही स्वतःच्या पेट्रोलने साखळीला गेलो, दिवसभर शूट केलं, एका ट्रकवाल्याच्या बायकोने बँकेच्या नोटिसा गादीखालून काढून एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरल्या, काहीही न बोलता. ते कधीच चाललं नाही. माझ्या मते टीव्हीवरच्या राजकीय बातमीदाराची हीच खरी गोची आहे, त्याला कोण कुठे गेला एवढंच विचारतात, का गेला आणि त्याने कोणाचं काय झालं ते सांगायला स्लॉट नसतो.

नंतर तर मार्केटिंगची माणसं निवडणुकीच्या तोंडावर रेटकार्ड घेऊन फिरायला लागली, हा उमेदवार पॅकेजवर आहे त्याची सभा पूर्ण दाखवा, तो नाही त्याची नको. पात्रांवांनी भांडण केलं नाही, म्हटलं ना निर्भीड नव्हते, त्यांनी फक्त त्या सभांना स्वतःचा आवाज द्यायचं बंद केलं, म्हणाले डेस्कला वाचू दे. त्याची किंमत मोजली. एका एप्रिलमध्ये पगारी नोकरी गेली आणि महिन्याचा ठरलेला आकडा आला, त्यात पीएफ नाही, मेडिकल नाही. नंतर बातमीमागे पैसे. शेवटची काही वर्षं एका लोकल चॅनलवर संध्याकाळची चर्चा करायचे, आणि खरं सांगतो ती महाराष्ट्रातल्या त्यांच्या कुठल्याही लाइव्हपेक्षा भारी असायची कारण समोर बसलेल्याला माहीत असायचं की ह्या माणसाला माझी तिकिटं, माझे पक्ष, माझे मेहुणे सगळे पाठ आहेत. थापा मारायच्या आधी लोक दोनदा विचार करायचे.

आता सगळे म्हणतायत यूट्यूब चॅनल काढा. त्यांचा भाचा तर लोगो बनवून मोकळा झालाय. पात्रांव ऐकत नाहीयेत, म्हणतात मला बघायची सवय आहे, दिसायची नाही, आणि रोज काहीतरी बोलायलाच हवं असं असेल तर त्यातलं अर्धं खोटं असणार. मी मधे पडत नाही. मला माझी वेगळी काळजी आहे.

काळजी म्हणजे टेपा. चॅनलचं पणजीतलं ऑफिस बंद झालं तेव्हा ते सगळं भंगारात चाललं होतं, मी रिक्षात घालून घरी आणलं. आमच्या म्हापशाच्या घरात माळ्यावर चार मोठे खोके आहेत, १९९९ पासूनच्या डीव्ही टेपा, प्रत्येकीवर पात्रांवांच्या अक्षरातली डोपशीट, कोण, कुठे, कितव्या मिनिटाला. गोव्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, चामड्याच्या चपलेला आठवड्यात बुरशी येते, तर टेपांचं काय होणार. दर मे महिन्यात उन्हात काढतो, थेट उन्हात नाही, सावलीत पंखा लावून, आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलतो. तरी काही गेल्यात, सार्दिनांचं सरकार पडून पर्रीकर पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले ती २००० ची टेप पांढरी पडलीय, लावायला भीती वाटते, हेडच खराब व्हायचं. माझा डेक, म्हणजे टेपा चालवायचं मशीन, गेल्या दिवाळीपासून बंद आहे, टेप गिळतो आणि सोडत नाही. म्हापशात एक जण दुरुस्त करायचा त्याने आता मोबाईल कव्हरचं दुकान टाकलंय. त्यामुळे गोव्यात किंवा सावंतवाडी, बेळगाव बाजूला कोणाकडे चालू स्थितीतला डीव्ही डेक असेल, विकत नको, महिनाभर भाड्याने दिला तरी चालेल, तर खाली लिहा. टेपा उतरवून घ्यायला फायरवायर (डेक जोडायचं पोर्ट) असलेला जुना कॉम्प्युटर माझ्याकडे आहे, चालू आहे, डोपशीट सगळ्या टाइप करून झाल्यात, पात्रांव दर शनिवारी येऊन बसायला तयार आहेत, कोण कोण आहे ते ओळखून द्यायला. फक्त पावसाच्या आधी मिळाला तर बरं.